रशियन कला व राज्यपरिवर्तन : निकितीनच्या बिदर-वृत्तांताच्या निमित्तानें

[१]

रशियन लोकांची कला व त्यांच्या देशांतील राज्यपरिवर्तनें यांच्या संबंधाचा विचार मराठी इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत कशाला, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. शंका रास्त आहे. आणि तिचें उत्तर बिदरांत आहे. चाकूर येथून उदगिरावरून बिदरास जाणें म्हणजे आज कांहीं तासांची वाट. चाकूरच्या सभोवारचे अहमदपूर, उदगीर व निलंगा हे तालुके १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यांतच मोडत. पंधराव्या शतकांत हा सारा मुलूख बहमनी सुलतानांच्या अमलाखालीं होता व बिदर ही त्यांची राजधानी होती. त्या राजधानींत अफानासी निकितीन नांवाचा एक रशियन व्यापारी येऊन राहिला आणि त्यानें जें पाहिलें व ऐकिलें तें आपल्या वह्यांत टिपून ठेविलें. चाकूरचें नांव त्याच्या लेखांत नाहीं. परंतु ज्या राज्याच्या छत्राखालीं आमच्या या टापूंतील पाटील, कुळकर्णी व कुणबी नांदत होते, त्या राज्याचें एका परक्यानें स्वतः पाहून केलेलें वर्णन तेथें आहे.

या वह्यांचें पुढें काय झालें, ही हकीकत त्यांतील मजकुराइतकीच बोधप्रद आहे. गेल्या साडेपांचशें वर्षांत रशियांत राजे आले व गेले, राजसत्ता बुडाली, सोव्हिएत सत्ता आली व तीही लयास गेली. प्रत्येक परिवर्तनाबरोबर या लहानशा लेखास नवा अर्थ लावण्यांत आला, आणि कधीं ग्रंथकारानें, कधीं शिल्पकारानें, तर कधीं चित्रपटकारानें तो अर्थ लोकांच्या मनावर ठसविला. मूळ शब्द मात्र हस्तलिखितांत होते तेथेंच राहिले. राज्यकर्त्यांच्या गरजेप्रमाणें कला एकाच वस्तूस निरनिराळीं वस्त्रें कशीं नेसविते, व जुनी प्रत या सर्वांस कशी पुरून उरते, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

[२]

प्रथम मूळ साक्ष काय आहे तें पाहूं. निकितीन हा वोल्गा नदीकाठच्या त्वेर शहरचा रहिवासी. त्वेर तेव्हां मॉस्कोच्या राज्यांत नव्हतें. तेथें मिखाइल बोरिसोविच हा निराळा राजा होता व त्याचेंच अनुज्ञापत्र घेऊन निकितीन निघाला. वोल्गेच्या मुखाशीं तातारांनीं त्याचा माल लुटला. रिकाम्या हातांनीं परत न फिरतां तो दरबंद, बाकू व इराण या मार्गानें होर्मुझास पोंचला आणि एक घोडा बरोबर घेऊन, जहाजानें दीव व खंबायत करीत, चौलास उतरला. या प्रवासाचा काळ पूर्वीं १४६६ ते १४७२ असा धरीत. पुढें सेम्योनोव्ह या रशियन संशोधकानें निकितीननें सांगितलेले सण व बहमनी स्वाऱ्यांचे उल्लेख ताडून पाहिले आणि प्रस्थान १४६८ चें, व हिंदुस्थानांतील वास्तव्य १४७१ ते १४७४, म्हणजे स्थूलमानानें शके १३९३ ते १३९६, असें ठरविलें. हल्लीं बहुधा हाच काळ स्वीकारितात.

चौलापासून पाली, उमरी व जुन्नर या मार्गानें तो बिदरास गेला. गांवांचीं नांवें त्यानें कानांवर पडलीं तशीं लिहिलीं आहेत. चौल म्हणजे ‘चुविल’, जुन्नर म्हणजे ‘चुनेर’, बिदर म्हणजे ‘बेदेर’ व दाभोळ म्हणजे ‘दाबिल’. घोड्यांस हरभऱ्यासारखें कडधान्य घालतात व साखर घालून ‘किचिरिस’ शिजवितात, असें तो लिहितो. यांतील खिचडी ओळखण्यास मराठी वाचकांस टीपेची गरज नाहीं. जुन्नर येथें पावसाळ्यांत त्याचा मुक्काम असतां तेथील अधिकारी आसदखान यानें त्याचा घोडा हिरावून घेतला व इस्लाम स्वीकारल्यास घोडा परत देऊं, शिवाय एक हजार मोहरा देऊं, असें सांगून चार दिवसांची मुदत दिली. एका खोरासानी गृहस्थानें रदबदली केल्यामुळें घोडाही परत मिळाला व धर्मही राहिला.

बिदरविषयींची त्याची माहिती आमच्या दृष्टीनें विशेष मोलाची आहे. राज्य चालविणारे व सरदार हे सारे खोरासानी; हिंदुस्थानी लोक पायदळांत, अंगानें उघडे व पायांनीं अनवाणी, एका हातांत ढाल व दुसऱ्यांत तरवार घेऊन चपळाईनें चालणारे, असें तो सांगतो. सुलतानाच्या वाड्यास सात दरवाजे असून प्रत्येक दरवाज्यांत शंभर पहारेकरी व शंभर हिंदु लेखक बसतात. आंत जाणाराची नोंद कांहीं लेखक करितात, बाहेर पडणाराची दुसरे. शंभराचा आंकडा कोणी शब्दशः घेऊं नये. परंतु बहमनी राजधानीच्या उंबरठ्यावर हिंदु लेखणी चालत होती, ही गोष्ट त्यावरून निःसंशय होते. आळंद येथील शेख अल्लाउद्दीनाच्या जत्रेंत वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीस येतात, असेंही तो लिहितो. महमूद गावान याचा उल्लेख तो ‘मेलिक-तुचार’ या किताबानें करितो, म्हणजे मलिक-उत्-तुज्जार. आणि याच वर्णनांत तें प्रसिद्ध वाक्य आहे, ज्याचा आशय असा कीं, मुलूख माणसांनीं गजबजलेला आहे, खेड्यांतले लोक अत्यंत दरिद्री आहेत व सरदार मात्र ऐश्वर्यांत लोळत आहेत.

आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहों, असें त्यानें सांगितल्यावर येथील हिंदु लोक त्याच्यापासून कांहीं लपवीनासे झाले. त्यांच्याबरोबर तो शिवरात्रीस पर्वतास, म्हणजे श्रीशैलास, गेला. तेथें त्यानें दगडांत कोरलेला मोठा नंदी पाहिला, तसेंच उजवा हात उंच उगारलेली व शेपूट असलेली एक प्रचंड मूर्ति पाहिली. त्या उगारलेल्या हातास त्यानें दिलेली उपमा लक्षांत ठेवण्याजोगी आहे. कॉन्स्टंटिनोपल येथील जस्टिनियन बादशहाच्या पुतळ्याप्रमाणें तो हात होता, असें तो म्हणतो. तें शहर १४५३ त तुर्कांनीं घेतलें व तो पुतळा खांबावरून उतरविण्यांत आला. म्हणजे दक्षिणेंतील देवमूर्ति वाचकांस समजावून देण्यासाठीं या व्यापाऱ्यास एका बुडालेल्या ख्रिस्ती साम्राज्याचें राजशिल्प आठवलें. कला व राज्यसत्ता यांचा संबंध पाहणाऱ्याच्या डोळ्यांतच किती खोल रुतलेला असतो, याचें हें उत्तम उदाहरण होय.

व्यापारांत मात्र त्याची निराशा झाली. रशियांत नेण्याजोगा माल येथें आहे, असें सांगून आपणांस फसविलें. मिरी व रंग स्वस्त आहेत, पण जकात जबर व समुद्रावर चांचे फार, अशी त्याची तक्रार आहे. धर्मग्रंथ वाटेंत लुटले गेल्यामुळें त्यास आपल्या उपासांचे व ईस्टरचे दिवस कळत नव्हते. तें दुःख पानोपानीं येतें. त्याच्या लेखांत मधून मधून रशियन लिपींत लिहिलेला तुर्की, फारसी व अरबी मजकूर आहे. त्यांतच एके ठिकाणीं तो देवाजवळ रशियाच्या भूमीचें रक्षण मागतो, तिच्यासारखी दुसरी भूमि नाहीं म्हणतो, आणि तिचे सरदार मात्र न्यायी नाहींत असें बोलून जातो. हें वाक्य त्यानें स्वभाषेंत लिहिलें नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

[३]

दाभोळास जहाजांत बसून, होर्मुझ, तब्रीझ व त्रेबिझोंद या मार्गानें तो काळ्या समुद्रापलीकडे काफा बंदरास पोंचला. पण घरीं पोंचला नाहीं. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच तो वारला. त्याच्या हातच्या वह्या व्यापाऱ्यांनीं मॉस्कोस नेऊन राजाचा चिटणीस वासिली मामिरेव याच्या स्वाधीन केल्या. जगदुत्पत्तीपासून मोजलेल्या ६९८३ या वर्षाखालीं, म्हणजे इ. स. १४७४-७५ त, एका इतिवृत्तकारानें हा लेख आपल्या ग्रंथांत घातला व तो कसा मिळाला हें वर सांगितल्याप्रमाणें नमूद केलें. त्या नांव न कळलेल्या इतिवृत्तकाराचे आपणांवर मोठे उपकार आहेत. कागद कोणाचा, कोणीं आणिला, कोणाकडे दिला, या तीन गोष्टी त्यानें लिहिल्या नसत्या, तर आज या लेखाची सत्यता सिद्ध करणें कठीण गेलें असतें.

वह्या आल्या तें मॉस्को कसें होतें? तिसरा इव्हान गादीवर होता. कॉन्स्टंटिनोपलच्या शेवटच्या बादशहाची पुतणी सोफिया हिच्याशीं त्यानें १४७२ त लग्न केलें होतें. १४७५ त त्यानें इटलीहून अरिस्तोतेले फियोरावांती या स्थपतीस आणविलें, व त्यास व्लादिमीर येथील जुनें प्रार्थनामंदिर पाहून येण्यास पाठवून त्याच धर्तीवर क्रेमलिनमध्यें नवें मंदिर बांधविलें. तें १४७९ त पुरें झालें. व्लादिमीर ही रशियाची पूर्वींची राजधानी. तिच्या मंदिराचा नमुना मॉस्कोंत उभा करणें म्हणजे तिचा वारसा आपणांकडे आला असें दगडांत लिहून ठेवणें. १४८० त तातारांचें वर्चस्व संपलें आणि १४८५ त इव्हाननें त्वेर जिंकून घेतलें. निकितीनला पत्र देणारा मिखाइल बोरिसोविच लिथुएनियास पळाला. ज्या राज्याचा प्रजाजन म्हणून निकितीन घराबाहेर पडला, तें राज्य त्याच्या मरणानंतर दहा-बारा वर्षांत नाहींसें झालें व त्याच्या वह्या जेत्याच्या शहरीं राहिल्या. जित राज्याचे कागद जेत्याच्या दप्तरांत सांपडावेत, ही गोष्ट आमच्याकडील संशोधकांस नवी नाहीं.

[४]

पुढें तीनशें वर्षें हा लेख प्रतींतून जिवंत राहिला. त्याच्या परंपरा तीन मानितात. एक इतिवृत्तांतील, दुसरी त्रोइत्से-सेर्गियेव मठांतील संग्रहाची व तिसरी सतराव्या शतकांतील, जिच्यांत मजकुरावर बराच हात फिरविलेला आहे. मठांतील प्रत निकोलाय करमझीन याच्या हातीं आली. हा झार पहिला अलेक्झांडर याचा १८०३ पासूनचा नियुक्त इतिहासकार. १८१२ त नेपोलियनची स्वारी परतविल्यानंतर रशियांत अभिमानाची लाट उसळली होती. त्या लाटेंतच १८१८ त करमझीनच्या ‘रशियन राज्याचा इतिहास’ या ग्रंथाचे पहिले आठ भाग बाहेर पडले. निकितीनचा परिचय त्यानें त्याच्या टीपांत करून दिला. वास्को-द-गामा हिंदुस्थानचा मार्ग शोधण्याचा विचारच करीत होता, तेव्हां आमचा त्वेरकर तेथें व्यापार करीत होता, असा त्याचा भावार्थ आहे. हें बहुतांशीं खरें आहे. परंतु या यशाचें श्रेय करमझीननें तिसऱ्या इव्हानच्या काळच्या रशियास दिलें. निकितीन इव्हानचा प्रजाजन नव्हता, ही गोष्ट ‘आमचा’ या एका शब्दाखालीं झांकून गेली. संपूर्ण मजकूर स्त्रोयेव यानें १८२१ त इतिवृत्ताबरोबर छापिला.

इंग्रजी भाषांतर काउंट व्हिएल्होर्स्की यानें केलें व तें मेजर यानें संपादिलेल्या ‘पंधराव्या शतकांतील हिंदुस्थान’ या ग्रंथांत हक्लूट संस्थेनें १८५७ त प्रसिद्ध केलें. खेड्यांतील दारिद्र्याविषयींचें तें वाक्य पुढें व्हिन्सेंट स्मिथ यानें आपल्या १९१९ च्या इतिहासांत बहमनी राज्याविरुद्ध पुरावा म्हणून उभें केलें. इंग्रजी राज्य येण्यापूर्वीं रयत किती दीन होती, हें त्यावरून सहज सुचविलें जाई. रशियांत इव्हान मिनायेव यानें १८८१ त ‘जुना हिंदुस्थान’ या नांवानें निकितीनवर स्वतंत्र टीपा लिहिल्या. त्या आजही उपयुक्त आहेत.

या काळांतील रशियन चित्रकारांचे डोळे हिंदुस्थानाकडे कसे वळले, हें पाहण्यासारखें आहे. मध्य आशियांत रशिया व इंग्रज यांची चुरस चालू होती. वासिली वेरेश्चागिन हा चित्रकार १८७४ ते १८७६ व पुन्हां १८८२-८३ त या देशांत हिंडला. शिपायांस तोफेच्या तोंडीं बांधून उडविणारे इंग्रज त्यानें १८८४ च्या सुमारास रंगविले, व त्या चित्रावरून इंग्लंडांत मोठा गवगवा झाला. परंतु याच चित्रकारानें तुर्कस्तानच्या मोहिमेंतील रशियन सैन्याचे हाल रंगविले, तेव्हां त्याच्या स्वतःच्या सेनापतींस तें रुचलें नाहीं, व १८७४ त त्यानें आपलीं तीन चित्रें आपल्या हातांनीं जाळलीं. परक्या राज्याचा अन्याय रंगविण्यास मोकळीक असते. स्वराज्याचा रंगविला कीं चित्र जळतें. निकितीननें सरदारांविषयींचें वाक्य तुर्कींत कां लिहिलें असावें, याचा उलगडा या गोष्टीनें थोडाबहुत होतो. संगीतांत तर निकितीन आलाच नाहीं. रिम्स्की-कोर्साकोव्हच्या ‘साद्को’ या १८९८ त रंगभूमीवर आलेल्या संगीत नाटकांत जो हिंदी व्यापारी गातो, तो हिऱ्यामाणकांच्या कल्पित देशाचा आहे. घोडा विकूं पाहणारा कर्जबाजारी त्वेरकर दरबारी रंगभूमीस शोभणारा नव्हता.

[५]

१९१७ च्या राज्यक्रांतीनें हा सारा पट उलटला. १२ एप्रिल १९१८ च्या हुकुमानें झारांचे व त्यांच्या सेवकांचे पुतळे काढून क्रांतीच्या वीरांचे पुतळे उभारण्याचें ठरलें. ज्या मठांत निकितीनची प्रत सांपडली होती, तो त्रोइत्से-सेर्गियेव मठ १९२० त बंद होऊन पदार्थसंग्रहालय बनला. तेथील सर्वांत प्रसिद्ध वस्तु म्हणजे आंद्रेइ रुब्लेव यानें पंधराव्या शतकाच्या आरंभीं रंगविलेलें ‘त्रिमूर्ति’ हें पूजाचित्र. शतकानुशतकें तें सोन्याच्या पत्र्याखालीं व नंतरच्या रंगांच्या थरांखालीं दडलेलें होतें. १९०४ त त्याची सफाई सुरू झाली, क्रांतीनंतर पुन्हां झाली, आणि १९२९ त तें मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयांत नेण्यांत आलें. ज्या सत्तेनें तें देव्हाऱ्यांतून काढलें, तिच्याच अमदानींत त्याचे मूळ रंग जगानें पाहिले. क्रांतीनें जुन्या कलेचा केवळ नाश केला असें म्हणणें, किंवा केवळ उद्धार केला असें म्हणणें, दोन्हीही अर्धसत्य होय. कलावंतांच्या मंडळ्या १९३२ च्या ठरावानें मोडून एका सरकारी चौकटींत आणिल्या गेल्या, व यापुढें कलेनें काय दाखवावें हें राज्यच ठरवूं लागलें.

या चौकटींत निकितीन फार चांगला बसला. तो राजा नव्हे, पुरोहित नव्हे, जिंकण्यासाठीं आलेला युरोपियन नव्हे, साधा माणूस. शिवाय दरिद्री रयत व श्रीमंत सरदार हें त्याचें वाक्य वर्गकलहाच्या सिद्धान्तास अनुकूल होतें. स्मिथनें जें वाक्य इंग्रजी राज्याच्या समर्थनाकडे झुकविलें, तेंच आतां सर्व सरंजामी राज्यांविरुद्ध वापरतां येत होतें. १९४८ त सोव्हिएत विज्ञान-अकादमीनें ‘साहित्यिक स्मारकें’ ही ग्रंथमाला सुरू केली, तिचें पहिलें पुष्प म्हणजे निकितीनचा प्रवास. येथें न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे कीं, संपादकांनीं पाठ काळजीपूर्वक दिला, परभाषेंतील प्रार्थना गाळल्या नाहींत व पाठभेद नोंदविले. १९५८ व १९८६ त या ग्रंथाच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. वर सांगितलेला सेम्योनोव्हचा कालनिर्णय यांपैकीं शेवटच्या आवृत्तींत आला. त्याच १९४८ च्या सप्टेंबरांत, १७ तारखेस, हैदराबादच्या निजामाची शरणागति होऊन आमचा मराठवाडा मुक्त झाला. बिदरच्या जुन्या दरबाराचें वर्णन मॉस्कोंत छापून निघालें त्याच वर्षीं बिदरावरील शेवटची दरबारी सत्ता संपली, हा केवळ योगायोग. पण तो विसरण्यासारखा नाहीं.

१९५५ च्या जून महिन्यांत पंडित नेहरू रशियास गेले व वर्षाअखेर ख्रुश्चेव्ह व बुल्गानिन हिंदुस्थानांत आले. त्याच वर्षीं निकितीनच्या गांवीं, वोल्गेच्या कांठीं, त्याचा भव्य पुतळा उभा राहिला. खालीं गलबताची नाळ, वर ताठ मानेनें उभा असलेला प्रवासी. त्या वेळीं त्वेरचें नांवही त्वेर राहिलें नव्हतें. १९३१ पासून तें सोव्हिएत पुढाऱ्याच्या नांवानें कालीनिन झालें होतें. १९५७ त ख्वाजा अहमद अब्बास व वासिली प्रोनिन यांनीं दोन्ही देशांच्या सहकार्यानें एक रंगीत चित्रपट काढिला. आमच्याकडे त्याचें नांव ‘परदेशी’. ओलेग स्त्रिझेनोव्ह हा निकितीन, नर्गिस ही चंपा, बलराज साहनी हे सखाराम व पृथ्वीराज कपूर हे महमूद गावान झाले. चित्रपट पाहण्यास सुंदर आहे. परंतु चंपा हस्तलिखितांत नाहीं व सखारामही नाहीं. हस्तलिखितांतील निकितीन हा मैत्रीचा संदेश घेऊन आलेला दूत नसून घोडा विकण्यास आलेला, फसलेला, धर्मभ्रष्ट होण्याच्या भीतीनें तळमळणारा माणूस आहे. दोन राष्ट्रांच्या मैत्रीस त्या वेळीं एक पूर्वज हवा होता. कलेनें तो मिळवून दिला.

[६]

सोव्हिएत सत्ता १९९१ त संपली. त्यापूर्वींच, १९९० त, कालीनिनचें पुन्हां त्वेर झालें. पुतळा मात्र आहे तेथेंच आहे. चौलजवळ रेवदंडा येथेंही निकितीनचें स्मारक उभारण्यांत आलें. रुब्लेवचें ‘त्रिमूर्ति’ चित्र २०२३ त संग्रहालयांतून काढून चर्चच्या ताब्यांत देण्यांत आलें व २०२४ त तें मूळच्या मठांत परत गेलें. इतक्या जुन्या लाकडी फळीस हवेंतील फेरबदल सोसणार नाहींत, असें कलारक्षक तज्ज्ञांचें म्हणणें होतें. तें मानलें गेलें नाहीं. १९२९ त एका सत्तेनें जें देवाकडून घेतलें, तें २०२३ त दुसऱ्या सत्तेनें देवास दिलें. दोन्ही वेळां निर्णय राज्याचाच होता, व फळीच्या प्रकृतीचा विचार मागाहून आला.

आतां या सर्वांतून काय निष्पन्न होतें? आमच्या मतें हें कीं, राज्यपरिवर्तन कलेचा नाश क्वचितच करितें. बहुतेक वेळां तें तिची नव्यानें नेमणूक करितें. इव्हाननें व्लादिमीरचें मंदिर मॉस्कोच्या सेवेस लाविलें, करमझीननें त्वेरकरास झारांच्या इतिहासांत दाखल केलें, सोव्हिएत सत्तेनें त्यासच लोकांचा प्रतिनिधि केलें. अशा प्रत्येक नेमणुकींत कांहीं खरें असतें. निकितीन वास्को-द-गामाच्या आधीं आला हें खरें. त्याला रयतेचें दारिद्र्य दिसलें हें खरें. येथील सामान्य लोकांनीं त्यास विश्वासानें जवळ केलें हेंही खरें. खोटें असतें तें उरलेलें गाळणें. आणि गाळलेलें परत मिळविण्याचें साधन एकच, तें म्हणजे न सुधारलेली जुनी प्रत.

आमच्या बखरींस हाच न्याय लागतो. सभासदानें १६९४ त, जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, थोरल्या महाराजांचें चरित्र लिहिलें. मल्हार रामराव चिटणिसानें तेंच चरित्र शंभरांवर वर्षांनीं साताऱ्यास लिहिलें. दोहोंमध्यें जें अंतर पडलें तें केवळ लेखकांच्या बुद्धीचें नव्हे. मधल्या काळांत राज्याचें स्वरूप बदललें होतें. बखर वाचतांना ती कोणत्या गादीखालीं लिहिली हें आपण विचारितों. तोच प्रश्न पुतळ्यास, चित्रास व चित्रपटासही विचारावा.

[७]

शेवटीं संग्राहक मित्रांस दोन शब्द. १९५६ त भाषावार प्रांतरचनेनें जुना बिदर जिल्हा फुटला. बिदर म्हैसूर राज्यांत गेलें व उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यांत आले. पुढें १९६० त महाराष्ट्र झाला व १९८२ त लातूर जिल्हा निराळा झाला. परिवर्तन इष्ट होतें यांत संशय नाहीं. परंतु सीमा बदलली कीं सीमेपलीकडील कागद परके वाटूं लागतात व अलीकडील परभाषेंतील कागद निरुपयोगी वाटूं लागतात. मोडी रुमालांत सांपडलेला फारसी किंवा कानडी कागद ‘आपला नव्हे’ म्हणून बाजूस काढण्याचा मोह अशा वेळीं होतो. निकितीनच्या प्रती करणाऱ्यांनीं न समजणारा तुर्की मजकूर व्यर्थ म्हणून टाकून दिला असता, तर स्वदेशाविषयींचें त्याचें प्रेम व स्वदेशाच्या सरदारांविषयींचा त्याचा निवाडा, दोन्हीही बुडालीं असतीं. न समजणाऱ्या ओळीच पुष्कळदा सर्वांत अधिक सांगणाऱ्या असतात.

यास्तव आमची विनंती एवढीच. रुमाल सोडण्यापूर्वीं कागदांचा क्रम लिहून ठेवावा. कागद कोणत्या गांवीं, कोणत्या घराण्यांत, कोणाकडून मिळाला हें त्या अनामिक इतिवृत्तकाराप्रमाणें त्याच दिवशीं नमूद करावें. मागाहूनच्या हातानें झालेल्या दुरुस्त्या खोडूं नयेत. त्या कोणत्या शाईनें आहेत तें सांगावें. न वाचतां येणारा मजकूर गाळूं नये. त्याची आकृति जशीच्या तशी उतरून घ्यावी किंवा छायाचित्र काढून ठेवावें. आणि कागदांतील गोष्ट आजच्या मतास सोयीची नसली, तर ती अधिक जपावी.

बिदरच्या सात दरवाज्यांत बसणाऱ्या त्या हिंदु लेखकांनीं आंत-बाहेर करणारांच्या रोज नोंदी लिहिल्या. त्या नोंदवह्या आज उपलब्ध नाहींत. त्या लिहिल्या जात होत्या ही गोष्ट आपणांस कळते ती, दूरदेशच्या एका लुटल्या गेलेल्या व्यापाऱ्यानें आपली वही जवळ बाळगिली, व तो वाटेंत मेला तरी कोणींतरी ती टाकून न देतां पोंचती केली म्हणून. आमच्या या टापूंतील माळ्यांवर व पेटाऱ्यांत अशी कोणाची वही पडून असेल, तर ती पोंचती करणें हें आपलें काम आहे. तिचा अर्थ लावण्याचें काम पुढें येणारे करोत. परंतु अर्थ लावण्यास त्यांच्या हातीं मूळ शब्द उरले पाहिजेत.